संयम : अमर्याद

पाणीपुरवठा कार्यालयात नळजोडणीच्या सात खिडक्या होत्या आणि सातही खिडक्यांपुढे रांगा होत्या. ही बाब गंभीर असल्याचे मोठ्या साहेबांच्या निदर्शनास आले. खिडक्या नेमक्या किती लागतात हे शास्त्रशुद्ध ठरवण्यासाठी त्यांनी कार्यालयातल्या प्रोग्रामरला जुंपले.

प्रोग्रामरने संगणकात खोटी रांग उभी केली. खोटी माणसे येत, थांबत, काम उरकून जात. प्रोग्राम सुरू करताना आज्ञेपुढे खिडक्या किती, माणसे किती आणि त्यांचा संयम किती, एवढे लिहायचे. संयम संपला की खोटी माणसे बोंब ठोकत आणि प्रोग्राम बंद पडे. चाचणी घेताना त्याला याचा वैताग आला. म्हणून त्याने एक सोय केली : संयम लिहिलाच नाही, तर तो अमर्याद धरावा.

साहेबांनी प्रोग्राम स्वतःच्या हाताने चालवला. खिडकी एक, असे लिहिले. संयम लिहायचा त्यांना कंटाळा आला. निष्कर्ष निघाला : तक्रारी शून्य. दुसऱ्याच दिवशी सहा खिडक्यांना कुलपे लागली.

रांग जिना उतरून रस्त्यावर गेली. प्रोग्रामर धापा टाकत साहेबांकडे आला.

"साहेब, तुम्ही संयम दिलाच नाहीत! प्रोग्रामने तो अमर्याद धरला."

"मग, चुकीचा धरला का? खाली जाऊन विचारून या."

प्रोग्रामर आनंदाने खाली धावला. रांगेत त्याचे वडील होते. घरचा नळ कोरडा, आणि चहाला जरा उशीर झाला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस!

"बाबा, किती वेळ थांबणार असे? ओरडा की जरा!"

वडिलांनी मागेपुढे पाहिले. "हळू बोल. आपलंच काम अडायचं. थांबू की. सगळेच थांबलेत."

त्याने पुढच्यांना विचारले, मागच्यांना विचारले. एक बाई त्याच्यावरच खेकसल्या, "मध्ये घुसायचं असेल तर सरळ सांगा!"

'प्रत्यक्ष पडताळणी समाधानकारक' असा शेरा मारून साहेबांनी संयमाचा रकानाच प्रोग्राममधून काढायला लावला. मग, अधिक अभ्यासासाठी, उरलेली खिडकीही बंद केली.

संध्याकाळी प्रोग्रामर वडिलांना न्यायला गेला.

"चला बाबा, खिडकी बंद झालीय."

"अरे, पण नंबर जाईल ना! तू उभा राहा, मी जरा टेकतो."

तो उभा राहिला. इतक्यात एक सुशिक्षित गृहस्थ आले.

"रांग कशाची?"

"कशाचीच नाही. पुढे खिडकीच नाहीये."

गृहस्थ क्षणभर विचारात पडले.

"पण रांग आहे ना?" ते म्हणाले, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.