म्हशीपायी भरलेल्या कोठड्या

यमुनाबाईंचा खोकला थांबेना, तेव्हा जेलर हेमा लिमये यांनी त्यांना बराकीतून हलवून मागच्या रांगेतली स्वतंत्र कोठडी दिली. पुण्यातल्या त्या महिला तुरुंगात मागच्या पाच कोठड्यांपैकी एक आजाऱ्यासाठी होती आणि चार शिक्षेसाठी. तेरा जणींच्या बराकीत दाटीनं राहणाऱ्या यमुनाबाईंची सोय झाली. पंचाईत झाली ती मागे राहिलेल्या बारा जणींची. यमुनाबाई रोज जेवणानंतर गावाकडे हरवलेल्या आपल्या म्हशीच्या शोधाची हकिगत सांगत. म्हैस वर्धा नदीपर्यंत पोचली होती आणि सांगणारीच गेली.

दुसऱ्या दिवशी शालूनं ताट आपटलं. तिला शिक्षा म्हणून मागची, यमुनाबाईंच्या शेजारची कोठडी मिळाली. मग नंदा सकाळच्या गिनतीला उठली नाही, चंपानं उलट उत्तर दिलं, हिरानं साबण गटारात टाकला. चारही कोठड्या भरल्या. रतननं शिपाईणबाईंच्या पायावर बादली उपडी केली, तेव्हा हेमाबाई अडल्या. एका कोठडीत एक किंवा तीन, दोघी कधीच नाही, असा तिथला नियम. दीपमालानं लगेच दुसरी बादली उपडी करून ती अडचण दूर केली. शनिवारपर्यंत चार कोठड्यांत बारा जणी झाल्या.

हेमाबाईंनी शालूला बोलावून समजावलं, की अशानं शिक्षेतली सूट कापली जाते, सुटका लांबते.

"कापा, मॅडम," शालू शांतपणे म्हणाली. "म्हैस सापडली का ते कळल्याशिवाय बाहेर जाऊन तरी काय करू?"

हेमाबाईंनी सूट कापल्याची नोंद केलीच नाही. वीस वर्षांच्या नोकरीत यमुनाबाईंसारखं जीव लावून त्यांचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. खोकला बरा झालाच होता, म्हणून त्यांनी यमुनाबाईंना तडक बराकीत परत पाठवलं.

थोड्याच वेळात यमुनाबाईंचा निरोप आला. हेमाबाई गेल्या, तर त्या रिकाम्या बराकीच्या मधोमध उभ्या होत्या.

"बाई, मले एकटीलेच एवढी मोठी खोली देली काय?"

हेमाबाईंनी किल्ल्या मागवल्या, बाराही जणींची शिक्षा रद्द केली आणि त्यांच्यामागून स्वतःही बराकीत आल्या. दाराशीच उभं राहून त्यांनी हळूच विचारलं, "सापडली का हो शेवटी?"

"बसा, बाई," यमुनाबाई म्हणाल्या. "सांगतो ना. इथं कोणाले कोठी जाचं हाये?"