लेखी हुकुमाने ग्रंथागार सर जाहले, त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. जिच्या देवळास कुलूप असता जी काचेतून दर्शन देते, तीस प्रथम नमन. तदनंतर सरकार स्वामींचे सेवेसी रोखठोक लिहिण्यात येते ऐसे जे, ग्रंथागारास कुलूप स्वामींनी लाविले. चिटणिसांनी नव्हे, पहारेकऱ्याने नव्हे, वाळवीच्या भयाने नव्हे, स्वामींनी. पुस्तके दाखवून रयत राज्यात बोलाविली आणि रयतेचा हात पुस्तकांस लागू दिला नाही. हा आरोप आहे, अर्ज नव्हे. आता घडले ते जैसे घडले तैसे ऐकावे.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ मास. हमरस्त्याचे कडेस, टोलनाक्यापुढे दोन कोसांवर स्वामींचे, म्हणजे संस्थापक अध्यक्षांचे, विद्यापीठराज्य वसले होते. वेस ऐसी की हत्ती अंबारीसह आत जावा, आणि वेशीमागे इमारती दोन, पत्र्याची शेड एक, आणि पोहण्याचा तलाव माहितीपत्रकात एक. राज्याची खरी हकीकत सांगावयाची तर सर्वच वाईट ऐसे नाही. गोसावी बाई म्हणून एक शिक्षिका पुलांचा विषय शिकवीत, त्या शिकवू लागल्या म्हणजे मागल्या बाकावरची पोरे आपण होऊन मोबाईल खिशात घालीत, आणि अशा बाईंची नेमणूक दर अकरा महिन्यांनी मोडून पुन्हा होत असे. मेसमध्ये वरण ऐसे की ताटाचा तळ स्वच्छ दिसावा, परंतु त्या ताटावर ज्या गप्पा रंगत तैशा गप्पा कोणास घरी मिळाल्या नाहीत. इंटरनेट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येत असे, म्हणोन अख्खा वर्ग त्या पायरीवर एकमेकांच्या मांडीवर बसे, आणि त्यातून दोन लग्ने ठरली. आणि या सर्वांवर अंमल अंतर्गत गुणांचा. प्रश्न विचारिला, गुण गेले. वरणास पाणी म्हटले, गुण गेले. गुणांचे भयाने सगळे राज्य मान खाली घालून चालत असे, आणि स्वामी त्यास शिस्त म्हणत.

या राज्यात कांचन लगड नामे मुलगी स्थापत्य शाखेचे तिसरे वर्षी होती. बाप एस.टी. डेपोत मेकॅनिक. ती येथे आली ती माहितीपत्रकातील एका चित्रावरून. चित्रात लांबच लांब दालन, छतापर्यंत पुस्तके, आणि वरचे पुस्तक काढावयास चाकांची शिडी. तिचे शाळेत पुस्तके मुख्याध्यापकांचे खोलीत लोखंडी कपाटात असत आणि कपाटावर क्रिकेटचे स्टंप ठेवलेले असत, त्यामुळे ते चित्र पाहून पोर हरखली आणि बापास म्हणाली, "पप्पा, इथंच. दुसरं कुठं फॉर्म भरू नका." मग येऊन पाहते तो दालन खरेच आहे, दुसऱ्या मजल्यावर, काचेपलीकडे, शिडीसुद्धा आहे, आणि दारास कुलूप आहे. पहिले वर्षी विचारिले, तेव्हा "नोंदणी सुरू आहे" ऐसे उत्तर जाहले. दुसरे वर्षी "फवारणी सुरू आहे." तिसरे वर्षी कारकून बोलिला, "नोट्स मिळतात ना तुला? मग पुस्तकं काय लोणचं घालायला पाहिजेत?" आणि तिचा प्रोजेक्ट तर गावच्या ओढ्यावरील फरशी पुलाचा. त्या पुलावरून दर पावसाळ्यात पाणी जाते, चार चार दिवस एस.टी. पलीकडेच थांबते, आणि पलीकडल्या वस्तीवरची बाळंतीण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणावी लागते. पूल किती उंच हवा होता ते कांचनला गणिताने काढावयाचे होते. गोसावी बाई बोलिल्या, "पुराच्या पाण्याचं जाडजूड पुस्तक आहे बघ, मीच यादीत लिहून मागवलंय. नेटवर त्याची पहिली तीसच पानं मिळतात." पुस्तक काचेपलीकडे पस्तीस पावलांवर, आणि प्रोजेक्ट महिन्यावर आला.

इतक्यात वर्तमान आले की वरच्या दरबारचे तीन पंच राज्याची पाहणी करावयास येतात, आणि त्यांनी बरा शेरा दिला तरच राज्याचा दर्जा राहील. मग एकच धांदल उडाली. भिंतींस रंग दिला, आणि नर्सरीतून कुंड्या भाड्याने आणिल्या, आणि शेजारच्या संस्थेतून दोन प्राध्यापक उसने आणिले, आणि त्यांस आपापली खोली कोणती ते पाठ करविले. चिटणीस साहेब, म्हणजे राज्याचे सर्व कागद ज्यांच्या सहीने हलतात ते, तीन दिवस झोपले नाहीत. गतसाली ऐसीच पाहणी आली असता मैदानावर खेळाडू म्हणून उभी केलेली पोरे ऊन लागले म्हणोन वडापाव खावयास निघोन गेली होती आणि पंचांनी रिकामे मैदान पाहिले होते. तो घाव साहेबांच्या उरात होता. म्हणोन यंदा त्यांनी पक्का हुकूम काढिला, सहीशिक्क्यानिशी, जावक क्रमांक चारशे बारा, वर शीर्षक "वाचनसंस्कृती अभियान," आणि खाली मजकूर ऐसा जे, निवडक चाळीस विद्यार्थ्यांनी गुरुवारी सकाळी दहा वाजता ग्रंथालयात वाचनास बसावे, पुढील लेखी आदेश मिळेपर्यंत कोणीही जागा सोडू नये, सोडल्यास अंतर्गत गुण कापले जातील. एक प्रत दारावर डकविली, एक पंचांच्या फायलीत लाविली. आणि साहेब फार खूश जाहले.

माघ शुद्ध नवमी, गुरुवासर. खिलारे मामा, जुने पहारेकरी, यांनी कुलुपात तेल सोडिले, आणि दार उघडिले, आणि चाळीस जण आत घेतले. चिटणीस साहेब बोलिले, "पुस्तक उलटं धरू नका. मधूनमधून पान उलटा. हसू नका. कोणी विचारलं तर 'सुविधा खूप छान आहेत', एवढंच." त्यावर नौशाद अत्तार, कांचनचा बाकावरचा सोबती, उठोन म्हणतो, "सर, इंग्रजी पुस्तक धरल्यावर तोंड कसं ठेवायचं?" साहेब बोलिले, "परीक्षेत ठेवतोस तसं." आणि चाळिसांत हशा पिकला. मग कांचन फळ्यांपाशी गेली. तिच्या मनात होते की आत नुसते पुठ्ठे असतील, शोभेचे. तो पाहते तो पुस्तके खरी. एकेक खरे, चांगले, निवडून आणिलेले, आणि प्रत्येकावर कारखान्याचे प्लॅस्टिक जसेच्या तसे. खोटी असती तर हसून सोडिली असती. खरी पाहिली आणि तिच्या कानशिलापर्यंत आग गेली. तीन वर्षे खरी पुस्तके येथे श्वास कोंडून उभी होती! शिडी ढकलिली, ती कुरकुरत चालली, आणि वरून चौथ्या फळीवर पुराच्या पाण्याचे ते जाड पुस्तक सापडले, आणि नखाने प्लॅस्टिक फाडून ती खाली बसली, आणि वाचू लागली, ती वाचूच लागली.

अकराचे सुमारास पंच आले. त्यांतील मुख्य बाई, पांढरे केस, पायी साध्या चपला, त्या कांचनपाशी थांबल्या आणि बोलिल्या, "काय वाचतेयस?" कांचन म्हणाली, "ओढ्याला पूर किती येतो ते, मॅडम. आमच्या गावचा पूल बुडतो." बाई बोलिल्या, "मग सापडलं?" "सापडेल. एकशे नव्वदाव्या पानावर आहे, आत्ता चौदाव्यावर आहे." बाई बोलिल्या, "रोज येतेस इथं?" तेव्हा मागे उभे चिटणीस साहेब डोळे ऐसे वटारिते जाहले की चष्मा नाकावरून ढळला. खरे सांगावे तर गुण गेले, आणि खोटे सांगावे तर पुस्तक पुन्हा कुलुपात. कांचन म्हणाली, "आजपासून, मॅडम." बाईंनी तिच्याकडे पाहिले, मग टेबलावरच्या फाटक्या प्लॅस्टिककडे पाहिले, वहीत काही टिपिले, आणि पुढे गेल्या. मग पंच पुरणपोळीच्या जेवणास पाहुणेघरी गेले, आणि दुसरे दिवशी जावक नोंदवही तपासू ऐसे सांगून गेले.

येथून युद्धप्रसंग. एक वाजता खिलारे मामा येऊन बोलिले, "उठा रं पोरांनो, झालं. कुलूप लावायचंय." सगळे उठावयास लागले. कांचनबाई, आता तिला बाई म्हणणे प्राप्त आहे, जागच्या हलल्या नाहीत. त्या बोलिल्या, "मामा, लेखी आहे का?" मामा म्हणतात, "लेखी कशाला? मी सांगतोय की." "दारावर वाचा. लेखी आदेश मिळेपर्यंत जागा सोडायची नाही. मी उठले तर माझे मार्क जातील." तो नौशाद धपकन खाली बसला आणि म्हणाला, "बरोबर आहे, मामा. तुम्ही देणार का मार्क खिशातनं?" आणि मग एकेक करीत चाळीसही खाली बसले, आणि तीन वर्षे ज्या गुणांनी माना खाली होत्या त्याच गुणांची ढाल करून पोरे अशी ताठ बसली की मामांस टोपी काढून डोके खाजवावे लागले.

मग चिटणीस साहेब स्वतः चालून आले, तोंडास पुरणाचे तूप तसेच. "काय तमाशा आहे? उठा!" कांचनबाई उभ्या न राहता, जागा सोडावयाची नाही म्हणोन, बसूनच बोलिल्या, "उठतो की सर. लिहून द्या." साहेबांनी तावातावाने कागद ओढिला आणि लिहिले, "ग्रंथालयातील सर्व विद्यार्थ्यांनी तात्काळ" आणि थांबले. कारण हा जाहला जावक क्रमांक चारशे तेरा. उद्या नोंदवही पंचांपुढे. चारशे बारात वाचनसंस्कृती अभियान सुरू, आणि त्याच दिवशी दुपारी चारशे तेरात अभियान बंद, दार बंद! साहेबांची लेखणी हवेत राहिली. नौशाद हळूच म्हणाला, "सर, पुढं 'तात्काळ' काय?" साहेब गरजले, "तुमचे सगळ्यांचे मार्क कापीन!" कांचनबाई बोलिल्या, "उठलो तर कापायचे, असं तुम्हीच लिहिलंय. बसलो तर कापायचे, असं कुठं लिहिलंय दाखवा." साहेबांनी कागद चुरगळिला, आणि दिवे बंद करविले. पोरांनी पडदे बाजूस सारिले तो पश्चिमेचे ऊन आत आले आणि पाने दिव्याहून स्वच्छ दिसू लागली. मग साहेबांनी मामांस फर्माविले, "किल्ली आणा, बाहेरून लावा." मामा दाराशी स्टुलावर बसले होते. मगाशी त्यांनी कांचनबाईंस हळूच विचारिले होते, "शेळ्यांवर काय आहे का गं? माझ्या दोन शेळ्या खुरानं लंगडतात." आणि बाईंनी शेतकी विभागातून पुस्तक काढून दिले होते, तेही मराठी. मामा त्या पुस्तकातून मान वर न करिता बोलिले, "एवढं पान होऊ द्या, साहेब." ही फितुरी पाहून साहेब जिना उतरून गेले.

साहेबांची शेवटची भिस्त सातावर. मुलींनी सातच्या आत वसतिगृहात हजर राहावे हा राज्याचा जुना कायदा, मुलांस तो लागू नाही, ऐसा या राज्यातला न्याय. परंतु रेक्टर मॅडम हजेरीवही घेऊन वर आल्या, हुकूम वाचिला, दोन वेळा वाचिला, आणि बोलिल्या, "मला तर वर्षाला शंभर वेळा सांगता, लेखी शिवाय काही करू नका." आणि ग्रंथागारातच उभ्याने हजेरी घेऊन, "लगड?" "हजर, मॅडम!" ऐसे दणक्यात करून, स्वतः एक कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसल्या. त्या वेळी जो जल्लोष जाहला तो टोलनाक्यापर्यंत गेला असेल.

मग स्वामींचाच फोन आला. साहेबांनी पुन्हा वर येऊन मोबाईल मोठ्या आवाजावर धरिला आणि स्वामी मधाळ बोलिले, "बेटा, तुला हवं ते पुस्तक घरी घेऊन जा. कायमचं. बाकीच्यांना म्हणावं चला." कांचनबाईंच्या हाती पुस्तक होते. पूल त्यातच होता. महिन्यावर प्रोजेक्ट. घेऊन निघाल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेविले, आणि मग बोलिल्या, "सर, पुस्तक मला पुरेल. पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरीनं कुणाला फोन करायचा? दार रोज उघडं राहील, वेळ अमुक, असं लिहून द्या, आम्ही लगेच उठतो." पलीकडून फोन बंद जाहला.

आज माघ शुद्ध एकादशी, तिसरा दिवस. पंच काल नोंदवही तपासून, शेरा बंद पाकिटात घेऊन गेले, आत काय ते कोणास ठाऊक नाही, म्हणोन चारशे तेरा अजून कोणी लिहीत नाही. पोरे पाळीपाळीने तासांस जातात, जेवून येतात, जाताना खुर्चीवर दुसरा बसतो, जागा एकही सुटत नाही, आणि चाळिसांचे एकशे सत्तर जाहले. आज दुपारी कांचनबाई एकाएकी ओरडल्या, "चार फूट! आणखी चार फूट उंच पाहिजे होता!" आणि ज्यांस पूल ठाऊक नाही, ओढा ठाऊक नाही, त्यांनीही बाके बडविली, आणि गोसावी बाई धावत येऊन गणित तपासून बोलिल्या, "बरोबर आहे गं," आणि त्यांनी गणिताखाली सही केली.

एवंच, तीन वर्षे जे मागून मिळाले नाही ते बसून मिळाले, कोणी दगड उचलिला नाही, घोषणा दिली नाही, पुस्तक हरवले नाही, सरकारी हुकूम तेवढा तंतोतंत पाळिला. आता चिटणीस म्हणतात अधिकार स्वामींचा, आणि स्वामी फोन उचलीत नाहीत. तरी स्वामींस विचारणे एवढेच की, सोमवारी सकाळी हे दार किती वाजता उघडेल, आणि त्या कागदावर सही कोणाची असेल? उत्तर तोंडी नको. लिहून द्यावे.