पाठमोरी चढणारी गाडी

आमच्या शेजारचा इस्माईल मिस्त्री चढ दिसला की गाडी थांबवायचा, वळवायचा आणि पाठमोरा वर जायचा. मान खिडकीबाहेर, टोपी दातांत. त्या वेळी चिंचवडात मोटारी मोजक्याच, त्यात ही उलटी जाणारी. लोक हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला सांगू?

गाडी फ्रान्सची. पिंपरीच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या फ्रेंच साहेबाचा इस्माईल ड्रायव्हर. साहेब मायदेशी परतला आणि गाडी याला देऊन गेला. काळीभोर, जमिनीला टेकलेली. गिअरचा दांडा छत्रीच्या मुठीसारखा समोरच्या फळीतून बाहेर आलेला.

"बाकीच्या गाड्या ढकलणाऱ्या, माझी ओढणारी!" हे तो लग्नाच्या पंगतीतही ऐकवायचा. वाढप्याला भाताचं भान राहायचं नाही.

मला एकदा त्यानं समजावलं. "वहिनी, बैल आपण पुढंच जुंपतो ना? हिची ताकद पुढच्या चाकांत हाय. चढावर गाडी उलाळ होते, बोजा मागं सरतो, पुढची चाकं नुसती फिरतात. पाठ फिरवली की तोच बोजा त्यांच्यावर बसतो."

मला पटलं. त्याचा थोरला भाऊ दस्तगीर याला नाही पटलं. दोघांचं मिळून चाकणच्या रस्त्याला गॅरेज होतं.

"गिऱ्हाईक हसतंय," तो म्हणायचा. "ज्याची गाडी उलटी चालती, तो आमची काय सरळ करणार, म्हणत्यात."

एक कंत्राटदार या गाडीच्या बदल्यात जीप द्यायला तयार होता. घरात शब्द थोरल्याचा. इस्माईल दोन दिवस जेवला नाही, तेव्हा कुठे दस्तगीर एवढ्यावर आला: जत्रेत बैलगाड्या पळतात तो घाट गाडीनं चढून दाखवावा. चढली तर राहील, नाहीतर जीप.

घाट म्हणजे शर्यतीचा उभा चढ. दिवसभर बैल पळून त्याची भुकटी झालेली. शर्यती संपल्यावर इस्माईलनं गाडी खाली आणून उभी केली. आम्ही बायका कडेच्या टेकाडावर होतो.

"सरळ तोंडानं चढव रं!" दस्तगीर ओरडला.

भावाचा मान राखायचा म्हणून इस्माईल सरळ निघाला. निम्म्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. धुरळा उडाला, माणसं खदखदली. "बैल जुंपा, मिस्त्री!" कुणीतरी ओरडलं. गाडी घसरत खाली आली.

इस्माईल गाडी वळवू लागला, तसा दस्तगीर आडवा झाला. "न्हाई! झाला निकाल."

मला राहवलं नाही. "अहो भाईजी," मी टेकाडावरूनच म्हटलं, "चढायचं ठरलं होतं. तोंड कुठं करायचं हे कधी ठरलं?"

बाया हसल्या. पंच म्हाताराही म्हणाला, "बरोबर हाय बाईचं." दस्तगीर बाजूला झाला.

मग ती निघाली. पाठमोरी, सावकाश, कुठेही न अडखळता. इस्माईलची मान बाहेर, टोपी दातांत. निशाणापाशी पोचली तशी हलगी कडाडली, पुकारणारा "भिर्रर्र, झाली!" म्हणून नाचला आणि लोकांनी काळ्या गाडीवर भंडारा उधळला. दस्तगीर धावत वर गेला आणि त्यानं भावाला मिठी मारली. कंत्राटदार कधी गेला, कुणी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात होते. इस्माईलची बायको जैनब काठी टेकत बाहेर आली. तिचा एक पाय लहानपणापासून वाळलेला. टांग्यात नाहीतर एसटीत चढायचं तर तिला कुणीतरी उचलावं लागायचं, सगळ्यांच्या देखत. म्हणून ती घराबाहेर पडायचीच नाही. या गाडीला पायरी नव्हती, तळ जमिनीलगत. जीप कंबरेइतकी उंच असते.

इस्माईलनं दारही उघडलं नाही. पाठ करून काच पुसत राहिला. जैनबनं दार उघडलं, बसली, पाय हातानं आत घेतला, दार ओढून घेतलं. कुणाचा हात लागला नाही.

मग आतून तिचा आवाज आला, "चला की आता! काच काय झिजवताय?"