कोपर जरा आत

मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी पाच ते सहा. हा एवढा तास घरातून मोकळा करून घ्यायला भिंगरीच्या आईला पावणेदोन महिने वाटाघाटी कराव्या लागल्या. सासूबाईंनी तो अखेर मंजूर केला, पण बाईमाणसाला काठी शिकून काय करायचंय, याचा खुलासा मागून घेतला.

कारण गंभीर होतं. आतल्या खोलीतल्या कपाटामागे बागुलबुवा राहायला आला होता. चार वर्षांची भिंगरी त्या खोलीत एकटी पाऊल टाकत नव्हती. बाहुली तिथे राहिली तर बाहुलीवर पाणी सोडत होती. बाबांनी कपाट ओढून मागची भिंत दाखवली, तर तो तेवढ्यापुरता बाहेर गेला असेल, असं तिने शांतपणे सांगितलं. शेवटी आईने तिला शब्द दिला, की मी काठी शिकून येते आणि त्याला एक रट्टा देते. एकच, पण असा की सामान बांधून जाईल.

वस्तीच्या सभागृहात पारंपरिक काठीचा वर्ग चौदा वर्षं सुरू होता. भिंतीशी काठ्या उभ्या होत्या, प्रत्येकीला कापडी खोळ आणि खोळीला सात गाठी. मधोमध छताला वाळूचं पोतं टांगलेलं होतं. वर्गात त्याला 'शत्रू' म्हणत. वस्तादांनी रजिस्टरात तिचा क्रमांक लिहिला, सेहेचाळीस, आणि परंपरा समजावली. काठीला हात लावण्याआधी आपल्याहून ज्येष्ठ असलेल्या प्रत्येकाला वाकून वंदन करायचं. ज्येष्ठता वयावर नाही, रजिस्टरावर. आणि वंदन घेणाऱ्याने त्या वंदनातला एक दोष दाखवायचाच. न दाखवणं म्हणजे वाकणाऱ्याचा अपमान.

भिंगरीच्या आईचं गणित बरं होतं, हेच वाईट झालं. एक वंदन, दोषासकट, सव्वा मिनिटाचं. ज्येष्ठ पंचेचाळीस. म्हणजे छप्पन्न मिनिटं वाकण्यात. उरली चार. त्यात काठीच्या गाठी सोडायला अडीच मिनिटं लागत आणि बांधायला अडीच. त्यामुळे गाठी सोडायच्याच नाहीत, असा व्यवहार्य तोडगा पूर्वीच निघालेला होता.

पहिल्या दिवशी क्रमांक एक, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, तिला म्हणाले की कोपर जरा आत. क्रमांक बारा, दातांच्या डॉक्टरीणबाई, म्हणाल्या की कोपर जरा बाहेर. तिने दोघांनाही आभार मानून वंदन केलं, तेव्हा आभाराच्या वंदनातही दोष निघाले. सहानंतर घरी आली तर भिंगरी दारातच उभी.

"मारायला शिकलीस?"

"आज वाकायला शिकले."

"बागुलबुवासमोर वाकणारेस?"

आईने दूध तापवायला घेतलं.

महिने गेले. कमरेला पट्टा आला. काठीचा नाही, डॉक्टरांनी दिलेला. त्याच सुमारास तिला वर्गात काठी चालवणारी एकमेव व्यक्ती सापडली. सफाईवाल्या मावशी वर्ग सुटल्यावर झाडूच्या दांड्याने जळमटं काढत. पाय रोवून, कंबर वळवून असा काही सपकन वार करत, की कोळी जाळ्यासकट खाली. भिंगरीची आई बघतच राहिली. मावशी, मला शिकवाल का, असं तिने विचारलं, तर मावशी ओशाळल्या.

"मला कुठे येतं गं बाई? माझं नाव आहे का रजिस्टरात?"

मग तिने धीर करून अर्ज लिहिला, की वंदनाची वेळ कमी करून आठवड्यातून निदान एकदा काठी हातात द्यावी. अर्ज ज्येष्ठतेच्या मार्गानेच वर जायचा, म्हणजे आधी क्रमांक पंचेचाळीस, मग चव्वेचाळीस, असा एकेक सही आणि एकेक वंदन घेत. पाच महिन्यांनी तो शेरा मारून परत आला : 'वंदनाचा वेळ कमी करण्यावर विचार करण्यास, वंदनामुळे, वेळ उपलब्ध नाही.' सोबत एक सुवार्ताही होती. तिची कळकळ पाहून वंदन सुधार उपसमिती नेमली होती, आणि तासाच्या सुरुवातीला उपसमितीलाही एक वंदन करायचं ठरलं होतं.

ती वस्तादांनाच जाऊन भेटली. एकदा, फक्त एकदा पोत्यावर मारू द्या म्हणाली. वस्ताद दुखावले.

"हे पोतं बघा. चौदा वर्षांत एक ओरखडा नाही. पलीकडच्या गल्लीतल्या वर्गाचं पोतं जाऊन बघा, चिंध्या झाल्यात. त्याला काय शिस्त म्हणायची?"

ती वर्ग सोडणारच होती. पण त्याच गुरुवारी क्रमांक सत्तेचाळीस दाखल झाली. कडेवरचं बाळ शेजारणीकडे ठेवून आलेली, धापा टाकणारी, केसांना बाळाची पेज लागलेली. ती भिंगरीच्या आईसमोर वाकली. भिंगरीच्या आईला त्यात काही दोष दिसेना. तिने तसं प्रामाणिकपणे सांगितलं, तर सत्तेचाळीसचे डोळेच भरून आले. माझ्याकडे बघावंसंही वाटलं नाही का, असं ती पुटपुटली. वस्तादांनी घसा खाकरला. तेव्हा भिंगरीची आई घाईघाईने म्हणाली, "कोपर. कोपर जरा आत."

आणि छातीत काहीतरी गोड, ऊबदार पसरलं. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच तिचं कुणीतरी ऐकलं होतं.

त्यानंतर तिने एकही तास चुकवला नाही. वर्ग साठावर गेला. एका तासात न मावणारी वंदनं पुढच्या तासाला ओढली जाऊ लागली. घरी सासूबाईंनी चहा दिला की कपाचा कान जरा डावीकडे हवा, असं तिच्या तोंडून निघून जाई. नवरा मोजे घालताना अडखळू लागला. भिंगरी मात्र दर मंगळवारी आणि गुरुवारी दारात उभी राहून विचारतच होती, आणि आतल्या खोलीत बाहुल्यांची संख्या सातावर गेली होती.

एका मंगळवारी सासूबाईंना डोळे तपासायला जायचं होतं. भिंगरीला वर्गात न्यावं लागलं. तिला बाकावर बसवलं, हलायचं नाही असं बजावलं, आणि वंदनं सुरू झाली. साठ माणसं खाली बघत होती, त्यामुळे बाक रिकामा झालेला कुणालाच दिसला नाही. भिंगरीने मावशींकडून जुन्या झाडूचा तुटका दांडा मागून घेतला. मावशींना रजिस्टरातलं काही कळत नसल्याने त्यांनी तो दिला, आणि पाय कसे रोवायचे तेही दाखवलं. भिंगरी पोत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू बागुलबुवाचा कोण?" तिने विचारलं.

तिने डोळे घट्ट मिटले आणि हाणला.

धप्पकन आवाज झाला. चौदा वर्षांची धूळ उसळली. साठही माणसं ताठ झाली, काही तर वर्षात पहिल्यांदाच. पोतं करकरत हललं. धुळीतून भिंगरीचा चेहरा वर आला, लालबुंद आणि लखलखीत. तो दांडा दोन्ही हातांत धरून ती आईकडे बघत होती.

"आई, मी मारलं. मला भीती नाही वाटली."

याचसाठी तर तो तास मागून घेतला होता. आता धावत जावं, उचलून घ्यावं, त्या धुळकट गालांचे मुके घ्यावेत. तिने तोंड उघडलं.

"कोपर जरा आत, बाळा."

भिंगरीने एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग दांडा खाली ठेवला, कोपर आत घेतलं आणि वाकली. वंदन फार सुरेख झालं. वस्तादांनी डोळे टिपत रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, एकसष्ट.

बागुलबुवा अजून कपाटामागेच आहे. आता मायलेकी रोज खोलीत शिरताना त्याला वाकून वंदन करतात. तो राहायला आला तो दोघींच्या वर्गातल्या प्रवेशाच्या आधी, त्यामुळे ज्येष्ठ ठरतो. तोही, भिंगरी म्हणते, दोष काढतो, पण हळू आवाजात.

एव्हाना तुम्हालाही या गोष्टीत एखादा दोष सापडला असेल. जरूर सांगा. तुमचा क्रमांक बासष्ट. आधी वाका.