माझी मान आणि हरण्याचा खांदा

माझं नाव कल्याण. (आजवर झालेलं नाही.) भिंगारला एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावक सांभाळतो. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा आणि गेलेल्या कागदालाही नंबर द्यायचा. सोळा वर्षं खाली मान घालून हेच केल्यामुळे मानेच्या मागे चार बोटं रुंद, काळा, खरखरीत पट्टा पडलाय. एकदा न्हाव्याने त्यावरून वस्तरा फिरवला आणि मग काळजीने वस्तऱ्याकडे बघितलं. मीही त्या पट्ट्याची आशा सोडली होती.

बायकोने सोडली नव्हती. मोनिका माहेरची सोनईची. घरी करडई पिकते, गावात लाकडी घाणा आहे, आणि मोबाईलवर तिने कसलासा कोर्स केलेला. वर्षभर आमच्या ओट्यावर फोडणीचं तेल कमी आणि अंगाचं तेल जास्त, अशी परिस्थिती होती.

"करडईचं तेल हलकं असतं, अहो. कातडीत मुरतं, चिकट राहत नाही. त्यात लिनोलेइक अॅसिड असतं."

अॅसिड म्हटल्यावर मी खुर्ची मागे घेतली.

"तसलं नाही हो! ते कातडीतला ओलावा धरून ठेवतं. जोडीला तीळ आणि जवस, कोरडेपणाला. आणि थोडी निंबोळी."

"ती कशाला?"

"बुरशी-खाजेला."

"मला बुरशी आलीय?"

"सोळा वर्षं एका जागी बसलाय. येईल की!"

झालं होतं असं, की नगरला बचत गटांच्या तीन दिवसांच्या प्रदर्शनात तिला पहिल्यांदाच स्टॉल मिळाला होता. पण बाई हट्टी. "गुण दिसल्याशिवाय मी लोकांना विकणार नाही," म्हणाली. एकवीस दिवस एका माणसाच्या कातडीला तेल लावायचं, आधीचा आणि नंतरचा फोटो मोठा करून लावायचा. माणूस कोण, हे विचारण्यात अर्थ नव्हता. घरात मोजून दोघं, आणि तिची मान चांगली आहे.

पहिल्या दिवशी फोटो निघाला. चार बाटल्या माझ्या ताब्यात आल्या. ऑफिसातून आल्यावर तेल लावायचं आणि अर्धा तास मान कुठेही टेकवायची नाही, एवढाच नियम.

आता मला सांगा, दिवसभर मान मोडून घरी आलेल्या माणसाला जगात दुसरं काय हवं असतं? मान टेकवायला जागा! बाकी माझ्या आयुष्यात महत्त्वाकांक्षा उरलेली नाही. पहिल्या दिवशी मी अर्धा तास देवळातल्या नंदीसारखा ताठ बसलो. दुसऱ्या दिवशी ठरवलं, आजच्या दिवस राहू दे. उद्या लावू.

आतून आवाज आला, "लावलं का?"

"हो," म्हणालो. बस्स. या एका 'हो'ने माझा घात केला.

कारण उद्याही मी दमलेलोच होतो. परवाही. मोनिकाला संशय येऊ नये म्हणून वासापुरता एक थेंब शर्टाच्या कॉलरला लावायचो. (निंबोळीचा वास एका थेंबात भरपूर येतो. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपली खुर्ची खिडकीकडे नेली.) कॉलर मात्र दिवसेंदिवस मऊ पडत चालली.

प्रश्न बाटल्यांचा होता. त्या भरलेल्या दिसता कामा नयेत, आणि तेल मोरीत ओतायला जीव धजेना. शेवटी बायकोच्या हातचं ते. रविवारी तिने मला घाण्यावरून करडईचं तेल आणायला सोनईला पाठवलं, तेव्हा तीन बाटल्या पिशवीत घातल्या आणि सासऱ्यांच्या हातात ठेवल्या. आमचे सासरे पुंजाराम. दुखऱ्या मानेने कायम एका अंगाला बघतात. म्हटलं, सत्कारणी लागेल.

"काय हाय ह्ये, पाव्हणं?"

"तेल आहे, मामा. मानेला लावायचं. रोज संध्याकाळी."

"व्हय का? लई ब्येस!" म्हणाले, आणि बाटल्या घेऊन मागच्या दाराने गेले. मी पिठलं-भाकरी खाऊन हलक्या मनाने परत आलो.

पण घरात वेगळंच सुरू झालं. मोनिका दर तीन दिवसांनी माझी मान उजेडात धरायची आणि पहिल्या दिवशीच्या फोटोशी ताडून बघायची. दहाव्या दिवशी तिने तिळाचं प्रमाण वाढवलं. तेराव्या दिवशी जवसाचं कमी केलं. सोळाव्या दिवशी कोर्सची वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचून काढली.

"लावताय ना नीट?"

"हो गं."

"मग माझ्याच हाताला गुण नाही. स्टॉल नको म्हणून कळवते त्यांना. उगाच हसं करून घ्यायचं."

तेव्हा बोलायला हवं होतं. पण पंधरा दिवसांचा 'हो' मागे घ्यायचा म्हणजे पंधरा दिवसांची जावक रद्द करायची, आणि ती पद्धत आमच्यात नाही. मी एवढंच म्हणालो, "एकवीस दिवस तर होऊ दे." तिला वाटलं, नवरा धीर देतोय. तिने माझ्या आवडीची शेंगोळी केली. ती घशाखाली उतरताना मला स्वतःची फार लाज वाटली.

विसाव्या दिवशी आम्ही सोनईला गेलो. दुसऱ्या दिवशी पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण असते. वर्षभर जू ओढलेला खांदा हळद-तुपाने मळायचा आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आम्ही गोठ्यात गेलो, तर सासरे हरण्या बैलापाशी उभे होते. हळद होती, पण तुपाची वाटी नव्हती. हातात बाटली होती. बाटलीवर मोनिकाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी होती.

मी दाराकडे एक पाऊल मागे सरकलो.

"दादा, ही बाटली कुठून आली?" मोनिकाने वडिलांना विचारलं.

"पाव्हण्यांनी दिली की! म्हनले, मानेला लावा रोज सांजच्याला. अगं, कोळपनीत ह्याचा खांदा आल्ता. ह्यो एवढा सुजल्याला, कातडं फाटल्यालं. डागदरला दावाया फोटू बी काढून ठिवलाय. आन आता बघ!"

हरण्याचा खांदा खरंच बघण्यासारखा होता. तुकतुकीत, मऊ, कातडी भरून आलेली. (कोळपणी संपून विश्रांती मिळाली, त्याचाही वाटा असेल. पण ते तिथे बोलायची माझी छाती नव्हती.)

"मामा," मी क्षीण आवाजात म्हणालो, "मी तुमच्या मानेसाठी दिलं होतं."

"मानसाच्या मानेला कशापाई? मानूस काय जू वढतो व्हय?"

यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. पण मोनिका माझ्याकडे बघत होती. सासूबाई बनुबाई पदराआड हसत होत्या. मोनिका हसत नव्हती.

"किती दिवस लावलंत तुम्ही?"

"एक."

"मी रोज विचारत होते. रोज हो म्हणत होतात." तिचा आवाज कापला. "मी स्टॉल सोडून द्यायला निघाले होते, अहो. मला वाटलं, मला काही येतच नाही."

"चुकलो," मी म्हणालो. खरंच चुकलो होतो. "दमलेलो असतो गं."

"दमल्याला तर ह्यो बी व्हता," सासरे हरण्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "पर गडी लावून घ्यायला उभा ऱ्हायला."

मोनिकाने डोळे पुसले, हरण्याच्या खांद्यावरून हात फिरवला आणि मोबाईल काढला. आधी त्याचा फोटो घेतला. मग मला म्हणाली, "वळा." मी वळलो. तिने माझ्या मानेचा फोटो घेतला आणि परतीच्या वाटेवर भिंगार येईपर्यंत दोन्ही फोटो आलटून पालटून बघत राहिली.

प्रदर्शनात स्टॉलवर पुरुषभर उंचीचं फ्लेक्स लागलं. वरच्या ओळीत हरण्याचा सुजलेला खांदा आणि भरून आलेला खांदा. खाली लिहिलं होतं : 'लावल्यास.' दुसऱ्या ओळीत माझी पहिल्या दिवशीची मान आणि विसाव्या दिवशीची मान, दोन्ही तंतोतंत सारख्या. खाली : 'न लावल्यास.'

गर्दी हटेना! बायका फ्लेक्स बघायच्या, मग स्टुलावर पाठमोऱ्या बसवलेल्या मला बघायच्या, बोट लावून खात्री करायच्या आणि बाटली घ्यायच्या. एक आजी दोन घेऊन गेल्या. "एक बैलाला, एक आमच्या ह्यांना," म्हणाल्या, "पर आधी बैलाला. त्याला सांगितल्यालं कळतंय." पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अर्धा माल संपला. मोनिका इतकी खुश मी लग्नातही बघितली नव्हती.

मला भरून आलं. वाटलं, पुरे झाला आळस. आजपासून नियमाने लावायचं, अर्धा तास काय, तासभर ताठ बसायचं. मी एक बाटली उचलली, झाकण उघडलं, तळहातावर तेल घेतलं आणि मानेकडे हात नेला.

मोनिकाने झडप घालून मनगट धरलं.

"खबरदार लावलंत तर! प्रदर्शन अजून दोन दिवस आहे."