माहुताचा अंकुश

कर्जत तालुक्यात जुनं अवजार ओळखावं तर रंगनाथ गुरुजींनीच, असं लोक म्हणायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतः गुरुजी म्हणायचे. मोटेचं चाक, पाभरीचं चाडं, बैलाला औषध पाजायचा बांबूचा नळा, काहीही पुढं ठेवा. चहा निवायच्या आत नाव हजर. बायको गोजरबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला तिच्या नावानं शाळेत जुन्या अवजारांचं प्रदर्शन भरवायचं त्यांनी ठरवलं. रिकामं घर खायला उठत होतं, दुसरं काय! प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरात 'ओळख पटवणारे: रंगनाथ गुरुजी'.

अडलं ते एकाच वस्तूपाशी. घरच्या विहिरीवरच्या खोपीचं छप्पर उतरवताना ती आढ्यात खोचलेली सापडली. झिजून बोटभर उरलेलं लोखंडी पातं, आत वळवलेली मान, आखूड मूठ आणि मुठीला मनगटाएवढं चामड्याचं कडं. चार दिवस गुरुजींना जेवण गोड लागेना. चिठ्ठीवर 'माहीत नाही' लिहिणं म्हणजे गावात नाक कापून घेणं. शेवटी त्यांनी ठोकून दिलं, निजामशाहीतल्या माहुताचा अंकुश! हत्ती उधळला तरी हातातून पडू नये म्हणून कडं.

झालं. आपल्या गावात हत्ती होते म्हटल्यावर गाव कशाला मागं राहतंय? सरपंच अंगदनं अंकुशाचा फोटो आणि शेजारी हत्ती घालून कमानीएवढा बॅनर छापला. बायकांनी अंकुशाला हळदकुंकू वाहिलं. माहूत आमचाच पूर्वज म्हणून दोन भावक्या हमरीतुमरीवर आल्या. तिसरीनं हत्तीखान्याची जागा म्हणून स्वतःचा उकिरडा दाखवला. गुरुजी सगळ्यांपुढं मान डोलावत राहिले.

श्राद्धाची जेवणं झाल्यावर रंगुबाई काठी टेकत शाळेत आली. गोजरबाईची ती खुरपणीतली जन्माची जोडीदारीण. अंगद तिला हत्तीची हकिकत सांगायला लागला, पण तिनं ऐकूनच घेतली नाही. तिनं अंकुश उचलला, कडं मनगटात सारलं आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

"ह्यो कशाचा अंकुश, भावजी? गोजरचं खुरपं हाय हे. धाकट्याच्या बाळंतपनात उजव्या हातावरनं वारं गेलं, तवापास्नं बोटं मिटत न्हवती तिची. लोहाराकडनं म्याच करून आनलं हुतं."

"मला कसं कळलं नाही?"

"तुमी शाळंत गेल्याबिगर ती खुरपं काढीत न्हवती. रिटायर झाला, तवा आढ्यात खोचलं. मास्तरला काळजी लागंल म्हनायची."

गुरुजी बाकावर बसले. भाकरीचा काठ एका बाजूनं जाड राहतो म्हणून ते तिला किती वेळा टाकून बोलले होते. चहाची कपबशी ती कायम दोन्ही हातांनी धरून पुढं करायची. तीस वर्षं त्यांना तो आपला मान वाटला होता. सगळ्या गावादेखत ते ढसाढसा रडले.

बऱ्याच वेळानं अंगदनं चाचरत विचारलं, की मग बॅनरवरच्या हत्तीचं काय करायचं?

गुरुजींनी डोळे पुसले आणि चिठ्ठी ओढली. 'माहुताचा अंकुश' खोडून 'गोजरबाईचं खुरपं' लिहिलं. खाली स्वतःचं नाव होतं, तेही खोडलं. तिथं लिहिलं, 'ओळख पटवणारे: रंगुबाई'.