तेल वर्ज्य करणारा गव्हर्नर

“हो म्हणून टाका ना,” फोन हाताने झाकून भानुमती नवऱ्याच्या, रवींद्रच्या कानाशी कुजबुजली. “मोरी-सान हॉलच्या कमिटीवर आहेत. दिवाळीला तोच हॉल हवाय आपल्याला.”

जपानमधल्या कोतो भागातल्या त्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ भरायचं. शनिवारचे वक्ते आजारी पडले होते आणि मंडळाचे प्रमुख मोरी-सान बदली माणूस शोधत होते. भानुमतीने सांगितला तो विषय होता, अमेरिकेतले सुरुवातीचे गव्हर्नर.

रवींद्र लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर. लिफ्ट भलत्या वेगाने खाली येऊ लागली की तिला रोखणारं एक चाक असतं, त्याला गव्हर्नर म्हणतात. गेल्या महिन्यात भूकंपाने आसपासच्या लिफ्ट अडकल्या होत्या. पहिल्या सुरक्षित लिफ्टही अमेरिकेतल्याच; म्हाताऱ्या मंडळींनी धसका घेऊन हा विषय निवडला असणार, असं त्याला वाटलं.

“हा तर माझा हातखंडा विषय!” असं म्हणून तो होकार देऊन मोकळा झाला.

शनिवारी दुभाषी म्हणून पंधरा वर्षांच्या लेकीला, स्वरालीला घेऊन तो चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये शिरला आणि फलक बघून थिजलाच. फलकावर पांढऱ्या केसांचा टोप आणि गळ्याशी झालर असलेले एक गंभीर गृहस्थ होते.

“काय लिहिलंय गं?”

“‘अमेरिकेतल्या एका राज्याचे पहिले गव्हर्नर, जीवन आणि कारकीर्द.’ बाबा, हा माणूस आहे. तुझं चाक नाहीये!”

पळून जायची सोय नव्हती. मोरी-सान कमरेत वाकून स्वागत करत होते आणि समोर चाळीस म्हातारे वह्या उघडून बसले होते.

“हे बघ, मी खोटं बोलणार नाही,” रवींद्रने घाम पुसला. “मी चाकाबद्दलच सांगतो. तू फक्त ट्रान्सलेट कर.”

“चालेल. जपानीत वाक्यातला सब्जेक्ट, म्हणजे कर्ता, गाळला तरी ‘कोण’ असं कोणी विचारत नाही,” स्वराली म्हणाली. तिला आता मजा यायला लागली होती.

रवींद्रने घसा खाकरला. “गव्हर्नरची जागा सगळ्यात वर. पण तो कोणाला दिसत नाही. कामकाज तो चालवत नाही, फक्त लक्ष ठेवतो.”

स्वरालीने जपानीत सांगितलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

“सगळं सुरळीत असेल तर तो शांत. कारभार घसरायला लागला, वेग हाताबाहेर गेला, की मात्र तो दोन्ही हात पसरतो, दोर घट्ट पकडतो आणि सगळ्यांचा जीव वाचवतो.”

“ओऽऽ!” हॉलभर उद्गार उठला. पहिल्या रांगेतल्या आजींनी रुमाल काढला.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली.

“त्यांचं कुटुंब?” मोरी-सानांनी विचारलं.

“एका जागी एकच असतो. एकटाच.”

आजींनी डोळे टिपले.

“आणि आहार?”

रवींद्रने स्वरालीकडे पाहिलं. स्वरालीने छताकडे पाहिलं.

“दोर पकडायच्या जागी तेल अजिबात चालत नाही. तेल लागलं की पकड सुटते. बाकी ठिकाणी थेंबभर, तेही सहा महिन्यांनी.”

चाळीस पेन्सिली सरसावल्या. “तेल वर्ज्य! म्हणजे दीर्घायुषी असणार!” मोरी-सान उद्गारले.

“नीट निगा राखली तर पंचवीस-तीस वर्षं आरामात काम करतो,” रवींद्र म्हणाला. “झिजला की बदलतात.”

“केवढी प्रदीर्घ कारकीर्द!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मोरी-सानांनी तिथल्या तिथे दिवाळीसाठी हॉल दिला. रवींद्रला आनंद व्हायला हवा होता, पण त्याला फक्त दार गाठायचं होतं.

दाराशीच एका वाकलेल्या आजोबांनी त्याची वाट अडवली. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली, इशिदा. मग रवींद्रच्या कानाशी येऊन ते साध्या, सावकाश जपानीत म्हणाले, “मी चाळीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक होतो.”

रवींद्रचा चेहरा पडला. तो मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाला, “माफ करा, इशिदा-सान. मी आत्ता जाऊन सगळ्यांना खरं सांगतो.”

“छे छे, अजिबात सांगू नका!” आजोबांनी त्याचा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे ओलावले होते. “चाळीस वर्षं अंधाऱ्या खोल्यांत त्या चाकाची निगा राखली हो मी. आज पहिल्यांदा कोणी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.”

मग ते तेलाबद्दल बोलू लागले, रवींद्र दोराबद्दल. लिफ्ट आली, दार उघडून उभी राहिली आणि रिकामीच निघून गेली. बोलणं मध्येच तुटू नये म्हणून ते दोघं चारही मजले जिन्याने उतरले.